आधी शाम्पूच का आठवला?

तरुणपणी मी घरीच केस कुरळे करायला गेले आणि डोक्याचा पार झाडू झाला. प्रयोग माझा, चूकही माझीच. पण डिसेंबर २०२४ च्या अखेरीस आपल्या बुलढाणा जिल्ह्यात, शेगाव तालुक्यातल्या गावांत, बघता बघता लोकांना टक्कल पडू लागलं, तेव्हाही सुरुवातीला संशय गेला तो शाम्पूवर! केस पुरुषांचेही गेले होते, पोरांचेही. फेब्रुवारी २०२५ मध्ये डॉ. हिंमतराव बावस्करांनी रेशनच्या गव्हाकडे बोट दाखवलं: स्थानिक गव्हाच्या ६०० पट सेलेनियम. तोवर मुलींचं कॉलेज बुडालं, ठरलेली लग्नं अडली. रेशनचं पीठ मळणं हा कुठला नट्टापट्टा? पोती दुकानात उतरण्याआधी गहू तपासा, एवढं तरी आपल्या गटांनी तहसीलदाराला विचारायला हवं.