डिंकाची परीक्षा जुलैत घ्या

गोळ्यांचं मशीन भुकटी तोलत नाही, मापतं. हॉपरमधून भुकटी खाली उतरते, डायची पोकळी भरते आणि पंच तिला दाबतात. पोकळी नीट भरली नाही तर गोळी हलकी, म्हणजे रुग्णाच्या पोटात औषधही कमी. म्हणूनच भारतीय औषधकोश २० गोळ्या एकेक करून तोलायला लावतो. २५० मिलिग्रॅम किंवा त्याहून जड गोळीचं वजन सरासरीपासून पाच टक्क्यांहून जास्त ढळलं, तर तशा दोनच गोळ्या चालतात.

भुकटी सुरळीत वाहावी म्हणून कारखाने अर्धा टक्का किंवा त्याहूनही कमी सिलिका घालतात. तेवढ्यानं काम भागत असेल तर त्यासाठी झाडाचा डिंक कशाला आजमावायचा? कारण तो दुहेरी काम करू शकतो. कांडोळाच्या डिंकाची पूड १२० अंशांवर दोनेक तास तापवली की तिचा दाटपणा बराच उतरतो, पण पाणी पिऊन फुगण्याचा गुण टिकतो. गोळी पोटात लवकर सुटायला तोच हवा. अशा पुडीचे नीट दाणे पाडले तर ती वाहतेही. नुसतं वाहण्यात मात्र ती सिलिकाला हरवेल, असं मला वाटत नाही.

माझा आक्षेप फार्मसीच्या प्रबंधांतल्या चाचणीच्या पद्धतीवर आहे. फनेलमधून पूड सोडायची, पडलेल्या ढिगाची उंची आणि त्रिज्या मोजून अँगल ऑफ रिपोज, म्हणजे ढिगाच्या उताराचा कोन, काढायचा. तीस अंशांच्या आसपास आला की खूश. मेमध्ये झरझर उतरलेली तीच पूड जुलैच्या दमट हवेत फनेलच्या मानेत अडून बसते, बोटानं टकटक करावी लागते. डिंक ओल धरणारच.

इंदूरला हे तपासायची सोय आहे. १९५२ पासूनची एसजीएसआयटीएस ही तंत्रशिक्षण संस्था आहे, देवी अहिल्या विद्यापीठ आहे, पीथमपूरचे औषध कारखाने हाकेच्या अंतरावर आहेत, आणि नर्मदेपलीकडे डिंक देणाऱ्या धावड्याचं जंगल. मग वेगवेगळ्या हंगामांतला डिंक घ्या, पावसाळ्यात डबा उघडा, रोटरी मशीन पूर्ण वेगानं चालवा आणि मगच गोळ्या तोला. जंतूंची मोजणीही हवीच.

आणि झाडाचं काय? बेसुमार खाचा मारल्या की कांडोळ मरतो. काही राज्यांना काढणीवर बंदीही घालावी लागली होती. जपून काढलेल्या स्वच्छ डिंकाला कारखान्यानं जास्त भाव दिला, तरच जंगलातला माणूस थोडक्या खाचांवर थांबेल. त्यासाठी प्रबंधात डिंकाच्या नावाशेजारी जंगल आणि काढणीचा महिना छापा. ‘स्थानिक बाजारातून आणला’ एवढ्यावर मार्गदर्शकानं सही करू नये.