‘विशेष आभार’ आम्हाला पुरत नाहीत

६ डिसेंबर जवळ आला की बाबासाहेबांच्या अंत्ययात्रेची काळी-पांढरी चित्रफीत आपल्या मोबाइलवर फिरू लागते. आपण ती पाहतो, डोळे पुसतो, पुढच्या ग्रुपवर पाठवतो. त्या दिवशी कॅमेरा कुणी आणला, हे मात्र आपण विचारत नाही. १९५६ च्या डिसेंबरात नामदेव व्हटकर या दलित लेखकाने आणि चित्रपटकाराने स्वतःच्या खिशाला झळ लावून कॅमेरा आणि कॅमेरामन जमवले आणि अंत्ययात्रा चित्रित करून घेतली. ना सरकारचं काम, ना कुणा निर्मात्याची ऑर्डर. आज ज्याला ‘स्वतंत्र माहितीपट’ म्हणतात, त्याची आपल्या चळवळीतली सुरुवात आम्ही तिथून मानतो. आणि आपल्या तरुणांना व्हटकरांचं नावही माहीत नसतं.

हे आत्ता लिहिण्याचं कारण दीपनगरचं आहे. भुसावळचं औष्णिक वीज केंद्र, ५०० मेगावॅटचे दोन संच, त्यात भर पडलेला ६६० मेगावॅटचा नवा संच, वेल्हाळ्याकडचा राखेचा तलाव, राखेचे डंपर, कंत्राटी कामगार. बाहेरच्या माणसाला इथे ‘विषय’ लगेच दिसतो. काही महिन्यांपूर्वी अशीच एक टीम माहितीपट करायला आली होती. माणसं वाईट नव्हती. वस्तीत जेवली, मुलांशी खेळली. आमच्या दोन मुलांनी आठवडाभर त्यांना मोटारसायकलवर फिरवलं. कुणाशी बोलायचं ते सांगितलं, घराघरांत नेलं, आपली खानदेशी बोली त्यांना हिंदीत समजावून दिली. एका मावशींनी कॅमेऱ्यासमोर चाळीस मिनिटं बोलणं केलं. कंत्राटदाराने कामावरून काढलं तेव्हा बायकांनी तीन वेळा गेटवर मोर्चा नेला, निवेदन कुणी लिहिलं, साहेबाने काय उत्तर दिलं, सगळं त्यांनी क्रमाने सांगितलं. सुरुवात ‘जय भीम’ने केली होती.

फिल्म तयार झाली तेव्हा मावशी पडद्यावर अकरा सेकंद होत्या. त्या खोकत होत्या. वर एका बाईंचा शुद्ध हिंदीतला आवाज राखेबद्दल काहीतरी काव्यमय बोलत होता. मोर्चे नाहीत, निवेदन नाही, ‘जय भीम’ तर नाहीच. आमच्या त्या दोन मुलांची नावं शेवटी, बारीक अक्षरांत, ‘विशेष आभार’ या मथळ्याखाली आली. एकाचं आडनाव चुकलेलं.

समाजशास्त्राच्या वर्गात आम्हाला ‘माहितीदाता’ हा शब्द शिकवला होता. संशोधक शहरातून येतो, गावातला कुणीतरी त्याला माणसं दाखवतो, भाषा समजावतो, कशाचा अर्थ काय ते सांगतो. मग प्रबंधावर नाव संशोधकाचं लागतं आणि गावातला माणूस प्रस्तावनेच्या शेवटच्या परिच्छेदात जातो. माहितीपटात हेच चालतं. विषय शोधणं, माणसं निवडणं, विश्वास मिळवणं, बोलीचा अर्थ लावणं, ही सर्जनशील टीमचीच कामं आहेत. शहरातला मुलगा ती करतो तेव्हा त्याला ‘संशोधन’ किंवा ‘सहदिग्दर्शन’ म्हणतात आणि मानधन देतात. वस्तीतला मुलगा करतो तेव्हा त्याला चहा पाजतात.

कुणी म्हणेल, मग दलितांवर फक्त दलितांनीच फिल्म करायची काय? आमचं तसं म्हणणं नाही, आणि या प्रश्नाला घाईने ‘हो’ म्हणणाऱ्यांनी ‘जय भीम कॉम्रेड’ परत पाहावा. ११ जुलै १९९७ ला रमाबाई नगरात पोलिसांनी गोळीबार करून दहा जणांचे जीव घेतले. त्यानंतर काही दिवसांत शाहीर विलास घोगरेंनी आत्महत्या केली. आनंद पटवर्धन त्यांना आधीपासून ओळखत होते. ‘बॉम्बे अवर सिटी’मध्ये घोगरे गायले होते. त्या ओळखीतून सुरू झालेलं काम १४ वर्षं चाललं आणि फिल्म २०११ मध्ये आली. पटवर्धन आपल्यातले नाहीत, आणि त्यांच्या डाव्या चष्म्यावर आपल्याकडे वाद झालेले आहेत, ते व्हावेतच. पण त्या फिल्ममध्ये आपले शाहीर गाणं पूर्ण गातात, बायका वाक्य पूर्ण करतात. ती वस्त्यांमध्ये पडदा लावून दाखवली गेली. १४ वर्षं एखाद्या माणसाने तुमच्या दुःखामागे घालवली असतील, तर त्याच्याशी भांडण बरोबरीने करता येतं. आठवडाभरासाठी आलेल्यांशी ते करायला संधीच मिळत नाही.

याच्या उलट उदाहरण ‘रायटिंग विथ फायर’चं. बुंदेलखंडात २००२ पासून दलित स्त्रियांनी चालवलेल्या ‘खबर लहरिया’वरची ही फिल्म. दिग्दर्शक रिंटू थॉमस आणि सुश्मित घोष. २०२१ मध्ये सनडान्सला पुरस्कार, २०२२ मध्ये ऑस्करचं नामांकन. आपल्यालाही अभिमान वाटला, का वाटू नये? पण ऑस्कर सोहळ्याच्या तोंडावर खुद्द ‘खबर लहरिया’ने निवेदन काढलं. फिल्म प्रभावी आहे, स्वतंत्र दिग्दर्शकांना आपली गोष्ट निवडण्याचा हक्क आहे, हे त्यांनी मान्य केलं. पण आमची संस्था जणू एकाच पक्षाच्या बातम्यांमागे लागलेली आहे असं जे दिसतं ते आमचं खरं चित्र नाही, असं त्यांनी स्पष्ट सांगितलं. विचार करा. या बायका स्वतः पत्रकार. रोज कॅमेरा चालवतात, बातमी कापतात, मथळा देतात. त्यांच्यावरची फिल्म जगभर फिरली, आणि तिच्यात काय ठेवायचं, काय गाळायचं हे दुसऱ्यांनी ठरवलं. कॅमेरा हातात येणं पुरेसं नाही याचा यापेक्षा ठळक पुरावा आम्हाला माहीत नाही. फिल्म एडिटिंगच्या टेबलावर बनते, आणि त्या टेबलाशी आपली खुर्ची नाही.

बाबासाहेबांना हे शंभर वर्षांपूर्वी कळलं होतं. १९२० ला ‘मूकनायक’, १९२७ ला ‘बहिष्कृत भारत’, १९३० ला ‘जनता’. दुसऱ्यांच्या वर्तमानपत्रांत एखादं पत्र छापून येईल म्हणून ते थांबले नाहीत. पदरी पैसा नसताना स्वतःचं पत्र काढलं, ‘बहिष्कृत भारत’चे रकानेच्या रकाने स्वतः लिहिले, पुढे स्वतःचा छापखाना उभा केला. संपादकाची खुर्ची त्यांनी मागितली नाही, घेतली.

सिनेमात आज हेच काम काही जण करताहेत. सांगली जिल्ह्यातला सोमनाथ वाघमारे. २०१७ मध्ये, म्हणजे १ जानेवारी २०१८ च्या हल्ल्याच्या आधी, त्याने भीमा कोरेगाववर माहितीपट केला. टीव्हीवाल्यांना ते गाव दगडफेक झाल्यावर सापडलं. सोमनाथने आपल्या माणसांची तिथे जाण्याची परंपरा त्याआधीच चित्रित करून ठेवली होती. पुढे त्याने ‘चैत्यभूमी’ केला आणि पा. रंजित यांच्या नीलम प्रॉडक्शन्सने तो प्रस्तुत केला. ज्योती निशा यांनी ‘बी. आर. आंबेडकर: नाऊ अँड देन’साठी लोकवर्गणी मागितली. ‘बहुजन प्रेक्षक’ सिनेमाकडे कसा पाहतो यावर त्यांनी लेखही लिहिला आहे. एक मराठी मुलगा, एक उत्तर भारतीय बहुजन बाई, आणि पाठीशी एक तमिळ दिग्दर्शक. ही साखळी आपल्या चळवळीतून तयार झाली आहे, कुठल्या फेलोशिपमधून नाही.

मग आपण खानदेशात काय करतोय? रील. मिरवणुकीची रील, नेत्याच्या वाढदिवसाची रील, तीस सेकंद, वर डीजेचं गाणं. मोबाइल प्रत्येकाकडे आहे, पण मोर्चात भाषण करणाऱ्या बाईचा आवाज आमच्या एकाही व्हिडिओत नीट ऐकू येत नाही, कारण साधा कॉलर माइक कुणी घेतलेला नाही. जयंतीच्या एका रात्रीच्या डीजेचं भाडं किती असतं ते मंडळवाल्यांना विचारा आणि एका माइकची किंमत ऑनलाइन बघा. (हे म्हटलं की मंडळवाले रागावतात. रागवा.)

धुळ्याजवळ लळिंगच्या किल्ल्यापाशी लांडोर बंगला आहे. ३१ जुलै १९३७ ला बाबासाहेब न्यायालयाच्या कामासाठी धुळ्याला आले, तेव्हा त्यांचा तिथे मुक्काम होता. दरवर्षी ३१ जुलैला खानदेशभरातून लोक तिथे भीमस्मृती यात्रेला जातात. पावसात, लेकरं घेऊन, भाकरी बांधून. आजी-आजोबांकडून ऐकलेल्या आठवणी सांगणारी माणसं तिथे भेटतात, आणि ती दरवर्षी कमी होताहेत. यावर माहितीपट करायला आपण कुणाची वाट पाहतोय?

आम्ही दीपनगर-भुसावळच्या काही जणांनी ठरवलंय की पुढच्या ३१ जुलैला पाच जणांची टीम लळिंगला जाईल. एक कॅमेऱ्याला, एक फक्त आवाजाला, एक मुलाखती घ्यायला. एक वही घेऊन प्रत्येकाचं नाव, गाव, परवानगी लिहून घ्यायला, आणि पाचवी मुलगी एडिटिंगला. ती भुसावळला लग्नाचे व्हिडिओ एडिट करते, हात तयार आहे. मूळ फुटेज दोन हार्ड डिस्कवर राहील, त्यातली एक विहारात. पहिलं प्रदर्शन वस्तीत, नंतर महोत्सव असतील तर बघू. इंग्रजी सबटायटल आपलीच कॉलेजातली मुलं करतील, म्हणजे बोलीतला शब्द दुसरा कुणी गुळगुळीत करणार नाही.

आणि यापुढे बाहेरची टीम आली तर दारातच चार गोष्टी विचारायच्या. इथल्या मुलांना मानधन किती? श्रेयनामावलीत त्यांचं पद काय? एडिट झालेली फिल्म पूर्ण होण्याआधी वस्तीला दाखवणार का? फुटेजची प्रत इथे ठेवणार का? उत्तरं कागदावर घ्या. मावशींची मुलाखत आम्ही परत घेणार आहोत. या वेळी मोर्चापासून सुरुवात करायची, असं त्यांनीच सांगितलंय.