भिंतीआडचा वास

"स्वयंपाकघरात कसला तरी वास येतोय," गृहिणी म्हणते. "मोरीचा असेल," नवरा पेपरातून मान वर न काढता उत्तरतो. दुसऱ्या दिवशी सासूबाई नाकाला पदर लावतात. तिसऱ्या दिवशी उदबत्त्या पेटतात, फरशी फिनाईलने दोनदा पुसली जाते. चौथ्या दिवशी दारात आलेली शेजारीण जागच्या जागी थबकते, तेव्हा साऱ्यांना पटते की घरात काहीतरी मेले आहे.

बंगळूरच्या उत्तरेला येलहंका येथे हवाई दलाचा तळ आणि रेल्वेचा चाक कारखाना आहे. नोकरीनिमित्त अशा ठिकाणी बदलून आलेल्या कुटुंबाला नव्या घरातल्या सांदीकोपऱ्यांची माहिती नसते. शेजारी मोकळा प्लॉट असला की उंदीर आत शिरतात. मग दुकानातून विषाची वडी येते. "हे खाल्लं की उंदीर पाणी शोधत बाहेर जाऊन मरतो, वाससुद्धा येत नाही," असा दुकानदाराचा दिलासा असतो.

हा समज खोटा आहे. रक्त गोठू न देणारी ही विषे काही दिवसांनी परिणाम करतात. तोवर आजारी उंदीर आपल्या बिळातच जाऊन पडतो. हे बीळ खोट्या छतावर, ओट्याखालच्या कपाटामागे किंवा पाइपांच्या पोकळीत असते. अर्धमेला उंदीर मांजराने किंवा घुबडाने खाल्ला, तर त्यांनाही विषबाधा होऊ शकते.

जागा कशी शोधावी?

सततच्या वासाला नाक सरावते. म्हणून खिडक्या तासभर बंद ठेवून घराबाहेर जावे आणि परत येऊन एकेक कोपरा हुंगावा. वास पोकळीतून वाहत दूरवरच्या फटीतूनही बाहेर पडतो, त्यामुळे घाईने भिंत फोडू नये. निळ्या-हिरव्या माश्या कुठे घोंघावतात, छतावर डाग पडला आहे का, हे पाहावे. वायर आणि नळ कुठून गेले आहेत याची खात्री करून, मेन स्विच बंद करून, सुताराकडून एखादीच फळी काढून घ्यावी.

मेलेल्या उंदराला उघड्या हाताने शिवू नये, कोरडा झाडूही मारू नये. तोंडाला कापड बांधून हातमोजे घालावेत. एक लिटर पाण्यात मोठा चमचाभर ब्लीचिंग पावडर कालवून ते पाणी उंदरावर आणि आजूबाजूला शिंपडावे. त्यात ॲसिड कधीही मिसळू नये, कारण त्यातून विषारी वायू निघतो. दहा मिनिटांनी पिशवी उलटी हातावर घेऊन उंदीर उचलावा, दुसऱ्या पिशवीत बांधावा आणि कचरा नेणाऱ्या पौरकार्मिकाला आत काय आहे ते सांगूनच द्यावा. जागा त्याच पाण्याने पुन्हा पुसावी.

उंदीर हाती लागतच नसेल, तर फटींना चिकटपट्टी लावून पंखा आणि खिडक्या चालू ठेवाव्यात. दोन-तीन आठवड्यांत शरीर वाळते आणि वास ओसरतो.

"उद्या बाई आली की काढेल," हे मात्र म्हणू नये. ती धुण्याभांड्यांसाठी येते. घरच्यांना ज्याची किळस वाटते त्याची तिलाही वाटते, आणि रोगाची भीतीही तिला तेवढीच असते. हे काम घरातल्याच कुणीतरी, विशेषतः पेपर वाचत बसलेल्याने, करावे.

ही भीती निराधार नाही. १८९६ मध्ये मुंबईत शिरलेला प्लेग १८९७ मध्ये पुण्याने भोगला आणि १८९८ मध्ये तो बंगळूरला पोहोचला. "घरात उंदीर पडला" एवढे ऐकताच माणसे घर सोडून माळावर झोपड्यांत राहायला जात. मेलेला उंदीर गार पडला की त्याच्या अंगावरच्या पिसवा दुसरे ऊबदार शरीर शोधतात. प्लेग पिसवांतून पसरतो हे पॉल-लुई सिमाँ या फ्रेंच डॉक्टरने १८९८ मध्ये कराचीत दाखवून दिले. आज एका उंदराने घाबरण्याचे कारण नाही. पण विष न घालता एकामागून एक उंदीर मरू लागले, तर आरोग्य खात्याला लगेच कळवावे.

एवढे सोसल्यावर पुन्हा विषाची वडी आणण्यापेक्षा पिंजरा बरा, कारण त्यात उंदीर कुठे आहे हे तरी दिसते. त्याहून बरे म्हणजे वाटाच बुजवणे. पेन्सिल जाईल एवढ्या भोकातून घरातला लहान उंदीर आत येतो. भोकात तारेचा काथ्या कोंबून वर सिमेंट लावावे, नळाच्या तोंडाशी बारीक जाळी बसवावी. मात्र बुजवण्यापूर्वी आत खारीची पिल्ले किंवा उदमांजर नाही ना, हे पाहावे. जिवंत प्राणी आत कोंडला गेला, तर महिन्याभरात तोच वास पुन्हा येईल.

उदबत्तीने वास चार घटका झाकला जातो एवढेच. वास पहिल्यांदा आला त्याच दिवशी घरच्यांनी फळी उघडून पाहावी.