केबिनमधला थेंब

जून-जुलै हे कोकण किनाऱ्यावर होड्यांच्या विश्रांतीचे महिने. १ जून ते ३१ जुलै, म्हणजे ६१ दिवस, यांत्रिक नौकांना मासेमारीची बंदी असते. हर्णै, दाभोळ, मिरकरवाडा, कुठंही जा. होड्या किनाऱ्यावर ओढून ठेवलेल्या, पूर्वी झापांनी आणि आता निळ्या ताडपत्रीनं शाकारलेल्या दिसतात. ज्या वाचकांच्या घरात होडी आहे त्यांना हे सांगायला नको. ज्यांच्या घरात नाही त्यांनीही पान उलटू नये. पत्र्याच्या शेडमध्ये किंवा स्लॅबखाली पाणी ठिबकतं, त्याचा शोध घेण्याची रीत फारशी वेगळी नसते.

आमच्या मामूंची होडी जुनी, लाकडी, वरून फायबर चढवलेली. मागच्या बाजूला प्लायवूडची केबिन. पुढं सुकाणूचं चाक, स्विचबोर्ड आणि वायरलेस. मागं खलाशांना आडवं व्हायला दोन फळ्या. या केबिनमध्ये तीन वर्षं पाणी येत होतं आणि तीन वर्षं मामू दर बंदीत डाव्या खिडकीच्या चौकटीला सिलिकॉनची नळी पिळत होते. चौकट पांढऱ्या थरांनी जाड झाली, पाणी काही थांबलं नाही. खलाशी म्हणायचे, ‘‘अंथरूण ओलं तर ओलं, झोप तर लागते ना!’’ विषय तिथंच राहायचा.

गेल्या मार्चमध्ये मात्र रात्री भर समुद्रात वायरलेस बंद पडला. मोबाईलला रेंज नाही. होडी दुसऱ्या दिवशी यायची ती आली नाही. जाळं अडकल्यानं उशीर झाला होता एवढंच, पण कळवणार कसं? मामी दोन रात्री उंबऱ्यावर बसून होत्या. तिसऱ्या दिवशी पहाटे शेजारच्या होडीवाल्यानं येऊन सांगितलं, सगळे सलामत आहेत. मामी काहीच बोलल्या नाहीत. उठल्या आणि चहाचं आधण ठेवलं. पुढं स्विचबोर्ड उघडला तेव्हा तारांच्या टोकांना तांब्याचा हिरवा गंज चढलेला, आणि आत चक्क ओल. अंथरूण भिजवणारं पाणी तारांपर्यंत पोचलं होतं.

जुलैमध्ये आम्ही सुटी काढून गेलो. मामू हसले. ‘‘मास्तर, आता होडीलाही शिकवणार काय?’’ आम्ही म्हटलं, ‘‘मामू, शिकवत नाही, तोंडी परीक्षा घेतो.’’

पहिला प्रश्न, पाणी खारं की गोडं? खाऱ्या पाण्यानं भिजलेलं कापड उन्हात सुकतं आणि संध्याकाळी पुन्हा दमट लागतं, कारण मीठ हवेतली ओल ओढून घेतं. खलाशांची अंथरुणं उन्हाळ्यात तशीच चिकट असत, म्हणजे ते लाटांच्या तुषारांचं पाणी. पण आता होडी जमिनीवर असताना पावसाचंही ठिबकत होतं. तेव्हा जागा अशी हवी, जिथं तुषारही पोचतात आणि पाऊसही. तळाच्या फळ्यांचा संशय तिथंच मिटला.

दुसरा प्रश्न, हे पाणी बाहेरूनच येतंय ना? बंद केबिनमध्ये चार माणसं झोपली, त्यात चहाचा स्टोव्ह पेटला, की थंड धातूवर आतूनच दव धरतं. ते सगळीकडे सारखं पसरतं. गळतीचं पाणी मात्र एका वाटेनं येतं आणि मागं डाग सोडतं. इथं छताच्या फॉर्मायकावर चहाच्या रंगाचे लांबट डाग होते. म्हणजे गळतीच.

तिसरा प्रश्न आम्हाला सगळ्यात मोलाचा वाटला. समुद्रात असताना थेंब कुठं पडतो? खलाशी म्हणाले, मागच्या फळीवर. आणि किनाऱ्यावर? डाव्या खिडकीशी. मामूंनी किनाऱ्यावरचा थेंब पाहिला आणि खिडकीला दोषी ठरवलं. पण होडी किनाऱ्यावर टेकूंवर उभी होती ती डावीकडे कललेली, आणि चालू असताना तिची नाळ वर उचलते, त्यामुळं पाणी मागं धावतं. एकच पाणी दोन उतारांनी दोन ठिकाणी पोचत असेल, तर उगम दोन्हींच्या वर, छतावर कुठं तरी असायला हवा. हा अंदाज होता. पुरावा बाकी होता.

दुसऱ्या दिवशी दुपारी पाऊस थांबला, छप्पर कोरडं झालं आणि आम्ही कामाला लागलो. आतून छताच्या फॉर्मायकाचे तक्ते काढले. ही पायरी लोक आळसानं टाळतात आणि मग थेंब कुठून आला हे कधीच कळत नाही. शाळेतून आणलेल्या खडूनं प्रत्येक नटाभोवती, सांध्याभोवती आणि आडव्या वाशांवर जाड रेघा ओढल्या. खडूची रेघ ओली झाली की लगेच गडद दिसते. मामूंचा धाकटा मुलगा टॉर्च घेऊन आत बसला, आम्ही बाहेर नळाची रबरी नळी घेऊन.

पाणी नेहमी खालून सुरू करावं. आधी केबिनची भिंत आणि डेक यांचा सांधा, मग खिडकीची खालची बाजू, मग उभ्या बाजू, मग वरची, आणि शेवटी छप्पर. वरून ओतलं तर ते सगळीकडून ओघळत येतं आणि कोण दोषी ते कळत नाही. आणि धार जोराची नको. नळीच्या तोंडावर बोट दाबून फवारा मारला, तर पाणी जिथं कधी गेलं नसतं तिथंही घुसतं. पावसासारखं शांत वाहू द्यावं, एका जागी दहा मिनिटं तरी. मामूंचा धीर दुसऱ्याच जागी सुटला. ‘‘अरे, टाकी रिकामी होईल!’’

सांधा कोरडा. खिडकीवर पंधरा मिनिटं पाणी सोडलं, कोरडी. मामू गप्प. छतावर भोंग्याच्या बैठकीवर सोडलं, काही नाही. मग दिव्याचा खांब. हा लोखंडी खांब चार बोल्टांवर उभा, वायरलेसचा ॲन्टेनाही त्यालाच बांधलेला. पाण्याला चार मिनिटंही झाली नसतील, आतून ओरडा आला, ‘‘भाईजान, रेघ भिजली!’’

आत जाऊन पाहिलं. एका बोल्टाच्या बुडाशी पाणी येत होतं, पण तिथं पडत नव्हतं. वाशाच्या कडेला चिकटून ते डावीकडे सरकत होतं आणि चार फुटांवर, खिडकीच्या वर जाऊन ठिबकत होतं. थोडं पाणी दुसरी वाट धरत होतं. खांबातून उतरलेली तार सरळ स्विचबोर्डाकडे उतरत गेली होती आणि थेंब त्या तारेवरून घसरगुंडीसारखे बोर्डात जात होते. मामू ते बराच वेळ पाहत राहिले.

खांब इंजिनाच्या थरथरीनं आणि लाटांच्या हिसक्यांनी सतत हलतो. बोल्टाचं भोक हळूहळू मोठं होतं, जुनं सील फाटतं, पाणी प्लायवूडच्या कापलेल्या कडेत मुरतं. स्क्रू ड्रायव्हर टोचून पाहिला तर भोकाभोवतीचं लाकूड भिजलेल्या बिस्किटासारखं.

अशा वेळी वरून पुन्हा काही तरी फासण्याचा मोह होतो. तो आवरावा. खांब उतरवला, जुनं सिलिकॉन पातं घेऊन खरवडलं, थिनरनं पुसलं. सिलिकॉनचा थोडा जरी अंश राहिला तरी त्यावर रंग धरत नाही, दुसरं सीलंट धरत नाही, नवं सिलिकॉनसुद्धा नीट धरत नाही. शिवाय ज्या स्वस्त सिलिकॉनला व्हिनेगरसारखा वास येतो, त्यातलं आम्ल धातूला गंजवतं. तीन वर्षांच्या त्या पांढऱ्या थरांचा हिशेब मामूंनी मनातच केला असावा.

कुजलेलं लाकूड कोरून काढलं आणि ताडपत्रीखाली दोन रात्री बल्ब लावून जागा वाळवली. भोकं मुद्दाम मोठी करून इपॉक्सी रेझिननं पूर्ण भरली. ते दगडासारखं झाल्यावर मधोमध बोल्टाच्या मापाचं नवं भोक पाडलं. आता बोल्टाला फक्त रेझिन लागतं, लाकूड लागत नाही. उद्या सील सुटलं तरी लाकूड भिजणार नाही. भोकाचं तोंड किंचित पसरट केलं, म्हणजे सीलंटचं तिथं कडं बसतं. सीलंट पॉलियुरेथेनचं घेतलं. ते हवेतल्या ओलाव्यानंच पक्कं होतं, त्यामुळं जुलैची दमट हवा त्याला चालते. पृष्ठभाग मात्र कोरडा लागतो.

बोल्ट एकदम करकचून आवळू नये, नाही तर सगळं सीलंट बाहेर येतं आणि आत काही उरत नाही. कडेनं थोडं डोकावलं की थांबायचं. ते पक्कं झालं की खालून नट अर्धा फेरा फिरवायचा. बोल्टाचं डोकं फिरवलं तर बसलेलं सील तुटतं. खाली नेहमीच्या वायसरऐवजी रुंद पट्टी दिली, कारण खांब हलणं थांबणार नाही.

तारेचं काम पाच मिनिटांचं. बोर्डात शिरण्याआधी ती खाली झोळीसारखी सोडली आणि मग वर चढवून आत घेतली. पाणी तारेवरून आलंच तर झोळीच्या तळाशी गळून पडेल, चढ चढणार नाही. हिरवी टोकं छाटून नवी जोडली.

आमची सुटी संपली होती. दर वर्षी बंदीत प्रत्येक बोल्टाभोवती खडू ओढायचा आणि पाणी सोडायचं, असं मामूंच्या मुलानं कपाटाच्या दाराच्या आतल्या बाजूला पेन्सिलीनं लिहून ठेवलं, तारखेसह. चार दिवसांनी त्याचा फोन आला. खांबाच्या रेघा कोरड्या, पण मागच्या झाकणाची रेघ एका कोपऱ्यात भिजली आहे.

‘‘अब्बांनी सिलिकॉन आणलंय?’’ आम्ही विचारलं.

‘‘नाही,’’ तो म्हणाला, ‘‘झाकण काढून ठेवलंय. तुम्ही रविवारी येताय का, असं विचारतायत.’’