दहावीपूर्वीची अनुभवपुंजी

दहावीचा निकाल लागला की घरोघरी शाखानिवडीची चर्चा सुरू होते. विज्ञान, वाणिज्य की कला, याचा निर्णय बहुधा गुणपत्रिका समोर ठेवून घेतला जातो. ज्या विद्यार्थ्याने एखादी कार्यशाळा, रोपवाटिका किंवा दुकानाची हिशेबवही आतून कधी पाहिलेली नाही, त्याने आयुष्यभराच्या व्यवसायाची दिशा ठरवावी, अशी अपेक्षा केली जाते. ही निवड नव्हे, केवळ अंदाज होय.

कामातून शिक्षण हा विचार आपल्या देशाला नवा नाही. १९३७ साली वर्धा येथील शिक्षण परिषदेत महात्मा गांधींनी हस्तव्यवसायाला शिक्षणाच्या केंद्रस्थानी ठेवणारी ‘नई तालीम’ मांडली. पुढे १९८३ साली डॉ. श्रीनाथ कलबाग यांनी पुणे जिल्ह्यातील पाबळ येथे विज्ञान आश्रम स्थापन केला. तेथे आकारास आलेल्या शालेय अभ्यासक्रमात विद्यार्थी आठवड्यातून एक दिवस अभियांत्रिकी, ऊर्जा व पर्यावरण, शेती व पशुपालन आणि गृह व आरोग्य या विभागांत प्रत्यक्ष काम करतात. यातील मर्म असे, की काम खरे असते. टेबल बनवायचे तर माप घ्यावे लागते, साहित्याचा खर्च काढावा लागतो आणि दिलेली तारीखही पाळावी लागते. माप चुकले तर केवळ गुण जात नाहीत. लोखंड वाया जाते. हा धडा पुस्तकातून मिळत नाही.

राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० ने सहावी ते आठवीच्या विद्यार्थ्यांसाठी दप्तराविना दहा दिवसांची शिफारस केली, ही स्वागतार्ह गोष्ट आहे. तथापि दहा दिवसांत ओळख होते, सवय लागत नाही. निवडीची घटिका जवळ येते ती नववी-दहावीत. आणि नेमक्या याच वर्षांत शिकवणी वर्ग मुलांचा सारा वेळ व्यापून टाकतात.

‘मुलांना राबवायचे काय?’ हा पालकांचा आक्षेप गैर नाही. बालकामगार कायद्याने घातलेल्या मर्यादा पाळल्याच पाहिजेत. जेथे मूल कारण विचारू शकते व चुकू शकते, तेथे शिक्षण असते. जेथे केवळ उत्पादन मोजले जाते, तेथे मजुरी असते. ही सीमारेषा सांभाळण्याची जबाबदारी शाळेची व पालकांची आहे.

आरंभ छोट्या गोष्टींपासून करता येईल. शाळेच्या परसबागेतील भाजीच्या विक्रीचा हिशेब विद्यार्थ्यांनीच ठेवावा. रिझर्व्ह बँकेच्या नियमांनुसार दहा वर्षे पूर्ण झालेल्या मुलांना, बँकेने ठरविलेल्या मर्यादेत, स्वतःचे बचत खाते स्वतः चालविता येते. महिन्याचा खाऊचा पैसा त्यात भरून पासबुकातील नोंदी ताडून पाहणे, हादेखील वर्गाबाहेरचा एक धडाच आहे.

गुणपत्रिका महाविद्यालयाचे दार उघडते. आत कोणत्या वाटेने जायचे, हे अनुभव सांगतो. तो अनुभव दहावीपूर्वीच मुलांच्या खात्यावर जमा व्हावयास हवा.