घर आणि शाळा : शिक्षिकेचा अभ्यास

शिक्षकाचें काम पांचच्या घंटेबरोबर संपतें, असा समज आपल्या सुशिक्षित घरांतूनहि पक्का बसलेला आहे. त्यांतून ती शिक्षिका घरची सून असली, तर पांचनंतरचा तिचा वेळ घराचाच, याविषयीं कोणास शंकाहि येत नाहीं. आमची धाकटी सूनबाई सहाव्या इयत्तेस गणित शिकविते. रात्रीं जेवणें आटोपल्यावर ती मोबाइल घेऊन बसली, कीं घरांतील वडिलधाऱ्यांच्या कपाळास आठ्या पडत. आणि त्या आठ्यांत आमचाहि वांटा होता, हें आरंभींच कबूल करतों.

एके रात्रीं आम्हीं जरा खोंचूनच विचारलें, "एवढें काय पाहतेस त्यांत?" ती म्हणाली, "मामंजी, आज वर्गांत कोण चुकलें, तें पाहतें."

तिनें जें दाखविलें तें वाचकांस सांगण्यासारखें आहे. शिकवून झाल्यावर "समजलें का?" या प्रश्नास साऱ्या वर्गाचें उत्तर "हो बाई" हेंच येतें. आमच्या लहानपणींहि तेंच येत असे, आणि त्यावर आमच्या गुरुजींचें समाधान होत असे. सूनबाईनें त्याऐवजीं 'प्लिकर्स' नांवाचें साधन वापरलें. त्यांत प्रत्येक मुलास एक छापील कार्ड मिळतें. कार्डावर काळी चौकोनी नक्षी असते, ती प्रत्येकाची निराळी. तिच्या चार बाजूंस बारीक अक्षरांत चार पर्याय. जें उत्तर वाटेल ती बाजू वर धरावयाची. बाईंनीं आपल्या मोबाइलचा कॅमेरा वर्गावरून फिरविला, कीं कोणीं काय उत्तर दिलें तें नांवनिशीवार उमटतें. मुलांजवळ मोबाइल लागत नाहीं, शेजाऱ्याचें उत्तर सहज चोरतां येत नाहीं, आणि लाजऱ्या मुलास उभें राहून चुकावें लागत नाहीं.

पहिला प्रश्न होता : ०.८ मोठा कीं ०.३५? कित्येकांनीं ०.३५ मोठा ठरविला. कारण उघड आहे. ८ पेक्षां ३५ मोठे! ज्यांचें उत्तर बरोबर आलें त्यांचें आम्ही कौतुक करूं लागलों, तोंच तिनें आम्हांस थांबविलें. दुसरा प्रश्न होता : ०.४ मोठा कीं ०.७५? येथें मघाशीं चुकलेलीं मुलें बरोबर आलीं, आणि मघांच्या हुशारांपैकीं कांहीं चुकलीं! दशांशापेक्षां शतांश लहान, हें या मुलांनीं नीट ऐकलें होतें. त्यावरून त्यांनीं आपल्यापुरता नियम बसविला होता, कीं ज्या संख्येंत शतांश आले ती लहानच. म्हणजे त्यांचें पहिलें बरोबर उत्तरहि चुकीच्या समजुतींतूनच आलेलें. एकाच प्रश्नावर गुण दिले असते, तर हीं मुलें तशींच सातवींत गेलीं असतीं.

मग तिनें दोन्ही प्रकारच्या मुलांकडून शंभर घरांचा चौकोन काढविला. ०.८ साठीं ८० घरें रंगवावयाचीं, ०.३५ साठीं ३५. पुढें 'जिओजेब्रा'वर संख्यारेषा मोठी करीत नेली : ० व १ यांमध्यें दहा भाग, त्यांतील एकेकाचे पुन्हा दहा.

दोन प्रश्नांची ही जोडी तिला सुचलेली नव्हे. केंद्राच्या शिक्षण परिषदेंत दुसऱ्या शाळेंतील एका बाईंनीं ती सांगितली. महाराष्ट्रांत आसपासच्या शाळांचें एक केंद्र असतें, व त्यांतील शिक्षक अशा परिषदेस जमतात. जपानांत 'जुग्यो केंक्यू' म्हणून याहून खोल जाणारी पद्धत फार वर्षांपासून रूढ आहे. कांहीं शिक्षक मिळून एक पाठ तयार करतात, एकजण तो शिकवितो, आणि बाकीचे मागें उभे राहून गुरुजींकडे नव्हे, मुलांच्या वह्यांकडे पाहतात, मग चर्चा. आम्हांस ही रीत मोठी शहाणपणाची वाटते. नुसतें यंत्र आणून भागत नाहीं. कापड झांकून ठेवलेले मोठमोठे पडदे आम्हीं शाळांतून पाहिले आहेत.

इ. स. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानें प्रत्येक शिक्षकानें वर्षाकाठीं निदान ५० तास स्वतःच्या व्यावसायिक प्रगतीसाठीं द्यावे, असें म्हटलें आहे. २०१७ सालीं 'दीक्षा' हें संकेतस्थळ निघालें. २०१९ सालीं सुरू झालेलें 'निष्ठा' प्रशिक्षण महामारीमुळें २०२० मध्यें त्यावर आलें, आणि घरबसल्या शिकण्याची सोय झाली. पण घरबसल्या म्हणजे कोठें बसून? सूनबाईनें हंसत हंसत सांगितलें, कीं एकदां एक व्याख्यान गॅसशेजारीं मोबाइल ठेवून, पोळ्या लाटतां लाटतां, शेवटपर्यंत चालविलें. प्रमाणपत्र आलें, त्यांतील एक वाक्यहि आठवत नाहीं.

आम्हीहि हंसलों. तिच्या सासूबाई मात्र हंसल्या नाहींत. त्यांनीं एवढेंच विचारलें, "कोणत्या वेळीं बसलीस, तर नीट ऐकूं येईल?"

तेव्हांपासून मंगळवारीं व शुक्रवारीं संध्याकाळच्या पोळ्या थोरली सूनबाई करते, आणि भाजी निवडण्याचें काम आमच्याकडे आलें आहे. मेथीची एक जुडी निवडण्यास किती वेळ लागतो, हें आम्हांस या वयांत कळलें. पुढील आठवड्यांत वर्गांत ०.५ व ०.५० यांविषयींचा प्रश्न आहे. घरांत तो सर्वांस विचारून झाला. कोण चुकलें, तें येथें लिहीत नाहीं.