डासाला दोष देण्याआधी गोळी तपासा

प्रति,
माननीय आयुक्त,
अन्न व औषध प्रशासन, महाराष्ट्र राज्य

महोदय,

पावसाळ्यात थंडी वाजून ताप भरला की हिंगणा एमआयडीसीतला कामगार आधी मेडिकल गाठतो, कारण कामाचा खाडा परवडत नाही. रक्ततपासणीत व्हायवॅक्स मलेरिया निघाला तर तीन दिवस क्लोरोक्विन आणि चौदा दिवस प्रायमाक्विन घ्यावी लागते. प्रायमाक्विन यकृतात दडून बसलेल्या परजीवीला मारते. त्या गोळीत औषध कमी असेल, तरी ताप उतरतो, माणूस कामावर जातो आणि काही आठवड्यांनी पुन्हा हुडहुडी भरते. घरचे म्हणतात, पुन्हा डास चावला. गोळीवर कोणाचाच संशय जात नाही.

तो का जायला हवा, हे आमच्या नागपूर जिल्ह्याने पाहिले आहे. मार्च २०२३ मध्ये आपल्याच खात्याने सरकारी रुग्णालयाला पुरवलेल्या 'रेसिप ५००' या सिप्रोफ्लॉक्सासिनच्या गोळ्यांचे नमुने घेतले. मुंबईच्या प्रयोगशाळेचा अहवाल डिसेंबरमध्ये आला: गोळीत औषधच नव्हते. पुढे इंदिरा गांधी शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाच्या भांडारातून २१,६०० गोळ्या जप्त झाल्या. ग्रामीण पोलिसांच्या दोषारोपपत्रानुसार त्या टाल्कम पावडर आणि स्टार्चच्या होत्या. पाकिटावर छापलेली कंपनी अस्तित्वातच नव्हती.

मार्च ते डिसेंबर. तेवढ्या काळात किती रुग्णांनी ती पिठाची गोळी विश्वासाने गिळली असेल?

ही प्रतिजैविकाची गोष्ट झाली. पण जागतिक आरोग्य संघटनेने २०१७ मध्ये सांगितले होते की अल्प व मध्यम उत्पन्नाच्या देशांत दर दहा वैद्यकीय उत्पादनांमागे एक निकृष्ट किंवा बनावट असते, आणि सर्वाधिक तक्रारी हिवतापाच्या औषधांच्या आणि प्रतिजैविकांच्याच असतात. हिंगण्यातल्या औषध दुकानदारांवर हा आरोप नाही. पंचेचाळीस अंशांच्या उन्हाळ्यात पत्र्याखाली तापलेल्या दुकानात अस्सल औषधही कस गमावू शकते. आर्टेसुनेट तर उष्णतेला आणि दमटपणाला फारच नाजूक. कमी ताकदीच्या गोळीतून वाचलेला परजीवी औषधाला दाद न देणारा निपजू शकतो.

प्राथमिक चाचणीला मोठी यंत्रणा लागत नाही. गोळी कुटून द्रावण करायचे, त्याचा थेंब सिलिकाच्या पट्टीवर टेकवायचा आणि पट्टी द्रावकात उभी करायची. अस्सल औषधाचा ठिपका जिथवर चढतो, तिथवर याचा चढला का, तेवढाच गडद आहे का, ते पाहायचे. सुटकेसमध्ये मावणारी जर्मन 'मिनिलॅब' हेच काम करते. जिथे शंका आली तो नमुना सरकारी प्रयोगशाळेत जावा.

तेव्हा मागणी तीन गोष्टींची आहे. दरवर्षी पावसाळ्याआधी आणि भर पावसाळ्यात हिंगणा तालुक्यातील दुकानांतून हिवतापाच्या औषधांचे नमुने घ्यावेत. नियमाने दिलेली साठ दिवसांची मुदत पाळून अहवाल बॅच क्रमांकासह मराठीत जाहीर करावेत. आणि औषधे व सौंदर्यप्रसाधने कायदा, १९४० च्या कलम २६ नुसार ग्राहकालाही शुल्क भरून औषध तपासून घेता येते, ही माहिती प्रत्येक मेडिकलच्या दर्शनी भागात लावावी. हा हक्क आहे हेच बहुतेकांना ठाऊक नाही.

यंदाच्या पावसाळ्यातले पहिले नमुने हिंगण्यातून घ्यावेत, ही कळकळीची विनंती.

आपला,
हिंगणा तालुक्यातील एक रहिवासी